दोन शिक्के

नाशिकरोडला कोणी ‘तो प्रेसमध्ये आहे’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याच्या मनात वर्तमानपत्र येत नाही. नोटा येतात, स्टॅम्प पेपर येतात, पोस्टाची तिकिटं येतात. आणि पासपोर्ट. आपल्या देशाच्या पासपोर्टची पुस्तकं तिथल्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये तयार होतात. नाशिकमध्ये जन्म काढलेल्या मला हे लहानपणापासून ठाऊक होतं, पण त्याचं कधी काही वाटलं नाही. कारण माझ्याकडे पासपोर्टच नव्हता.

दुसऱ्यांचे मात्र शेकड्यांनी हाताळलेत. कॉलेज रोडच्या एका बोळात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. बाहेर शिकायला निघालेली पोरं कागदपत्रांची फाईल घेऊन येतात. ‘काका, पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, चार-चार कॉप्या.’ मी पुस्तक काचेवर पालथं घालतो, झाकण दाबतो, हिरवा उजेड सरकतो. गावातून उडून गेलेली निम्मी पोरं माझ्या काचेवरून गेली आहेत म्हटलं तरी चालेल. त्यात माझे तीन मित्रही होते.

त्यांची खरी नावं इथे लिहिली तर तिघंही माझ्याशी बोलायचे नाहीत, म्हणून तेव्हाची टोपणनावंच वापरतो. सावकार म्हणजे आमच्यातली एकुलती एक मुलगी. कटिंग चहाचा आणि दोघांत एक मिसळीचा हिशोब ती शंभर पानी वहीत लिहायची. परीक्षेच्या आदल्या रात्री गच्चीवर आम्हाला सगळा अभ्यासक्रम समजावून सांगायचा, तो मास्तर. आणि बारक्या, कारण तेव्हा तो बारीक होता. २००३मध्ये ते तिघं इंजिनियर होऊन बाहेर पडले. मी दुसऱ्या वर्षीच कॉलेज सोडलं होतं. वडिलांना अर्धांगवायू झाला आणि दुकानात कोणीतरी बसायला हवं होतं. हे रडगाणं नाही, तेवढंच झालं.

पुढे सावकार नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला, मास्तर बर्लिनला आणि बारक्या व्हिएन्नाला गेला. डिसेंबरात येतात, दहा-बारा दिवसांसाठी. त्यात दोन लग्नं, एक मुंज, दातांचा डॉक्टर, बँकेतलं केवायसी, सासरचे-माहेरचे. निघायच्या आदल्या दिवशी मला फोन येतो, ‘अरे, तासभर वेळ आहे, मिसळ खायला जाऊ.’ मी एकदा बसून हिशोब मांडला. वीस वर्षांत प्रत्येकाबरोबर जेमतेम दहा-बारा तास, तेही पुढ्यात तर्री आणि एक डोळा घड्याळावर. मग ठरवलं, आपणच जायचं. बायको म्हणाली, “जा एकदाचा. नाहीतर म्हातारपणी मलाच ऐकवत बसशील.”

झेरॉक्सवाल्याने युरोपात जायचं म्हणजे एकच मार्ग, राहायचं मित्रांकडे आणि फिरायचं सगळ्यात स्वस्तात. स्वस्त म्हटलं की लोक आधी स्वस्त विमानं सांगतात. मी रात्र-रात्र बसून ती बघितली. तिकीट वीस युरोला दिसतं, पण पाठीवरच्या पिशवीहून मोठं काही घेतलंत की बॅगेचे पैसे तिकिटाच्या वर जातात. आणि विमान उतरतं भलतीकडेच. ‘फ्रँकफर्ट हान’ नावाचा विमानतळ फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. म्हणजे शिर्डीच्याही पलीकडे कुठेतरी उतरवून ‘नाशिक आलं, उतरा’ म्हणण्यासारखं! त्यापेक्षा मुंबईहून आखातामार्गे जाताना आम्स्टरडॅम आणि येताना व्हिएन्ना असं एकच तिकीट काढलं. गेलो तिथूनच परत यायचं, असा हट्ट सोडला की मधला एक अख्खा उलटा प्रवास वाचतो. ही अक्कल मला दुकानातल्या एका गिऱ्हाईकाने फुकट दिली.

व्हिसाचं जास्त लांबवत नाही. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा. त्याची फी ९० युरो, वर ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा. सगळ्यात जास्त दिवस जिथे राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, म्हणून मुक्काम नेदरलँड्समध्ये वाढवला. ‘हा माणूस माझ्या घरी राहणार आहे’ या फॉर्मवर सही करायला सावकार तिथल्या नगरपालिकेत जाऊन आली. कागद पाठवताना खाली लिहिलंन, ‘शिक्क्याचे पैसे वहीत मांडले आहेत.’

जायच्या आठवड्यात तिघांच्या घरी चक्कर मारली. हे मी एरवीही करतो. गॅस सिलेंडर, वीजबिल, डॉक्टरची अपॉइंटमेंट यांतलं काही अडलं की फोन मलाच येतो. तिघांच्या आईवडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं मला पाठ आहेत, त्यांच्या मुलांना नसतील. पंचवटीत सावकारच्या आईने काळा मसाला, मेतकूट आणि कुरडया दिल्या. साजूक तुपाची बरणीही काढली होती. मी सांगितलं, काकू, बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपात दूध-तूप-मटण काही नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतात. त्यांना ते पटलं नाही. “तूप म्हणजे काय दारू आहे का?” सिडकोत बारक्याच्या आईने चिवडा दिला, दोन किलो. ‘त्याला दे’ म्हणाली नाही. म्हणाली, “त्याच्या पोरांना दे, बघ खातात का.”

मास्तरचे वडील जेल रोडला राहतात. प्रेसमधून रिटायर झाले त्याला आता पंधरा वर्षं झाली. प्रेसमधली माणसं कामाचं घरी बोलत नाहीत, तशी शिस्तच असते. काकांनी तिथे नेमकं काय केलं हे मास्तरलाही धड माहीत नाही. मी सहज पासपोर्ट दाखवला. काकांनी चष्मा चढवला, पण फोटो-नावाच्या पानाकडे पाहिलंच नाही. पुस्तक मधोमध उघडलं, शिवणीवरून अंगठा फिरवला. एक पान उजेडाकडे धरलं. मग मिटून कडा टेबलावर ठोकून सरळ केल्या, पत्त्यांच्या कॅटासारख्या.

“आमचाच आहे,” म्हणाले.

दुसरं कुठून येणार काका, असं म्हणणार होतो, पण गप्प बसलो. काकांचा स्वतःचा पासपोर्ट नाही. मास्तरने दहादा बोलावलं असेल. “इतकी वर्षं बघितलेत,” एवढंच त्यांचं उत्तर असतं. मास्तरसाठी त्यांनी लसणाची चटणी दिली. काकू गेल्यापासून ते स्वतःच कुटतात.

सावकारकडे सहा दिवस राहिलो. आइंडहोवन म्हणजे एकेकाळचं फिलिप्सचं गाव. १८९१मध्ये ती कंपनी तिथे सुरू झाली. आता शेजारच्या वेल्डहोवनला एएसएमएल नावाची कंपनी चिप बनवायची यंत्रं तयार करते आणि त्या पट्ट्यात इतके भारतीय आहेत, की भाजी घेताना मागून ‘अगं, कोथिंबीर बघ ना’ ऐकू आलं तरी आपण दचकत नाही. पहिल्याच दिवशी ट्रेनमधून उतरताना कार्ड टॅप करायचं विसरलो. चढताना एकदा आणि उतरताना एकदा लावायचं असतं, नाहीतर जास्तीचे पैसे कापतात. सावकारने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “दोन मिसळी गेल्या तुझ्या.” सतरा वर्षं तिकडे राहून ती अजून रुपयांत मोजते. तेही मिसळीच्या रुपयांत.

तिसऱ्या रात्री भांडी विसळताना तिने विचारलं, “खरं सांग, आम्हाला भेटायला आलायस, की आम्ही आहोत म्हणून युरोप बघायला आलायस?”

हसण्यावारी नेता आलं असतं. पण प्रश्न बरोबर होता आणि तो मीच स्वतःला विमानात विचारला होता. हॉटेलात राहायची ऐपत असती तर आलो असतो का? हॉटेलात राहून यांना भेटलो असतो, तर जेवायला एकदा बाहेर गेलो असतो, एखादा फोटो, पुन्हा तासभरच. सोफ्यावर झोपल्यामुळे मला कळलं, की सावकार पहाटे पाच वाजता उठून स्वयंपाकघरात अंधारात नुसती बसते आणि आईला फोन लावते. तिकडे तेव्हा साडेआठ झालेले असतात, काकूंची पूजा आटोपलेली असते. दोघी फारसं बोलत नाहीत. फोन सुरू असतो, इकडे चहा उकळत असतो, तिकडे काकू भाजी निवडत असतात. पैसे वाचवायला गेलो नसतो तर हे दिसलं नसतं. मी म्हटलं, “दोन्ही.” ती म्हणाली, “चालेल. ताट पूस.”

बर्लिनला पॅसेंजरने गेलो. म्हणजे तिकडे पॅसेंजर म्हणत नाहीत, पण गाडी तीच. जर्मनीत महिनाभराचं एक तिकीट मिळतं, २०२५मध्ये त्याचे ५८ युरो पडायचे, साधारण साडेपाच हजार रुपये. त्यावर देशभरातल्या लोकल आणि प्रादेशिक गाड्या, ट्राम, शहरांतल्या बस सगळं चालतं. फक्त वेगवान गाड्यांत चढायचं नाही. हे मासिक वर्गणीसारखं असतं, त्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे जातात. मी हातावर पेनाने ‘१०’ लिहून ठेवलं होतं. वेनलोला हद्द ओलांडली आणि मग ड्युसेलडॉर्फ, मिंडेन, हॅनोव्हर, ब्राउनश्वाइग, माग्डेबर्ग अशा गाड्या बदलत गेलो. कसाऱ्याला, कल्याणला गाडी बदलून मुंबई गाठणाऱ्याला त्यात काय अवघड वाटणार? वाटलं. मिंडेनला पाण्याची बाटली घ्यायला लांबवर गेलो आणि परत येईपर्यंत पुढची गाडी निघून गेली होती. पुढच्या गाडीची वाट बघत बाकावर बसून चिवडा खाल्ला, बारक्याच्या पोरांचा. रिकाम्या बाटलीचे पंचवीस सेंट मशीन परत देतं, हे मला फार आवडलं. मशीनच्या पोटात भंगारवाला बसवलाय.

त्या दिवशी खिडकीतून मी जर्मनी पाहिली ती खेळून घरी जाणाऱ्या पोरांची, सायकल घेऊन चढणाऱ्या आज्जींची, मे महिन्यातल्या पांढऱ्या शतावरीचे दर लिहिलेल्या पाट्यांची. माग्डेबर्गनंतर एल्बे ओलांडली तेव्हा ऊन कलतं होतं. डब्यात कोणी नाही बघून मी पाच सेंट नदीला वाहणार होतो, गोदावरीला वाहतो तसे. खिडकी उघडत नव्हती.

मास्तर स्टेशनवर आला होता. केस पांढरे, जाकीट चांगलं, चाल तीच, डावा खांदा पुढे टाकून. घरी गेल्यावर लसणाच्या चटणीची बरणी उघडली. त्याने वास घेतला आणि झाकण लावून ठेवली. म्हणाला, “उद्या खाऊ.” दुसऱ्या दिवशी रविवार होता. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, रस्ते इतके शांत की आपल्याकडे कर्फ्यू लागल्याशिवाय दिसणार नाहीत. कालव्याच्या काठाने आम्ही दुपारभर चालत होतो. मग त्याने फोन काढून मला एक प्रश्न वाचून दाखवला, जर्मनीच्या राज्यघटनेवरचा, उत्तरं चार. मी तिसरं उत्तर सांगितलं. चुकलं.

“ही कसली परीक्षा?”

“नागरिकत्वाची. तेहतीस प्रश्न असतात. सतरा बरोबर आले की पास. मी झालोय.”

मास्तर, म्हणजे आम्हाला पास करणारा माणूस, पास झाला यात नवल नव्हतं. अर्जही मंजूर झाला होता, २५५ युरो फी भरून झाली होती, फक्त प्रमाणपत्र हातात यायचं बाकी होतं. त्याने मला कायदा समजावून सांगितला, गच्चीवर सांगायचा तसाच, हातवारे करून. जर्मनीने जून २०२४पासून जुनं नागरिकत्व ठेवायला हरकत घेणं बंद केलं. अडतं ते आपल्या बाजूला. आपल्या १९५५च्या कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं, की भारताचं संपतं. पासपोर्ट वकिलातीत जमा करायचा. मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड मिळतं, ये-जा करायला अडचण नाही, फक्त मतदान नाही आणि शेतजमीन घेता येत नाही. पोरीचं शिक्षण, नोकरी, युरोपात कुठेही जायची मोकळीक, सगळी कारणं त्याने नीट मांडली. एकही कारण खोडण्यासारखं नव्हतं. मी खोडणारही नव्हतो. कोणी कुठला पासपोर्ट ठेवावा हे मत मांडायला मी काही झेरॉक्सवाल्यापेक्षा जास्त नाही.

“काकांना सांगितलंस?”

त्याने कालव्यातली बदकं बघितली.

“तू सांग ना,” म्हणाला. “तू समोर असतोस त्यांच्या. फोनवर कसं सांगू? त्यांनी आयुष्यभर ते...” आणि वाक्य तिथेच सोडलं.

मी मसाला आणला होता, चटणी आणली होती. हे उलट्या दिशेने न्यायचं होतं. वजन नव्हतं म्हणून नाही म्हणता आलं नाही.

पुढे बसने प्राग. तिथे ओळखीचं कोणी नाही, म्हणून प्रागबद्दल सांगण्यासारखंही काही नाही. हॉस्टेलमध्ये आठ जणांच्या खोलीत वरची खाट मिळाली आणि पूल सगळे सांगतात तितकाच सुंदर आहे. दुसऱ्या दिवशी पिवळ्या रेजिओजेट गाडीने चार तासांत व्हिएन्ना. तिकीट आधी काढलं तर ही गाडी बसइतकीच स्वस्त पडते.

बारक्याची भेट फसली. हे लिहू की नको असा विचार केला, पण भेटी फसतात. तो आता बारीक नाही, दमलेला आहे. नोकरी बदलली होती आणि रोज रात्री आठला यायचा. त्याने पाण्याचा नळ दाखवला. आल्प्समधलं झऱ्याचं पाणी १८७३पासून नळाने शहरात येतं, हे सांगताना जरा जुना बारक्या दिसला. मी म्हटलं, आम्हाला गंगापूर धरणाचं येतं, तेही वाईट नाही. मग बोलायचं काय ते सुचेना. कॉलेजचे किस्से एका संध्याकाळी संपले. उरलेले तीन दिवस मी ट्रामने फिरलो आणि संध्याकाळी त्याच्या पोरांबरोबर पत्ते खेळलो. पोरांना मराठी कळतं, उत्तर जर्मनमध्ये देतात. चिवडा धाकट्याने खाल्ला, शेंगदाणे वेचून बाजूला काढून. काकूंना मी ‘सगळा संपवला’ असं सांगितलं.

विमानतळावर सोडायला आला तेव्हा मात्र बारक्या गाडी पार्क करून आत आला, रांगेच्या दोरीपर्यंत. “पुढच्या वेळी सुट्टी काढतो,” म्हणाला. आम्हा दोघांनाही माहीत होतं, की पुढच्या वेळचा खर्च परत कधी जमेल ते सांगता येत नाही. तिकीट, व्हिसा, विमा, गाड्या सगळं मिळून दीड लाखाच्या आत बसवलं होतं आणि ते जमवायला चार वर्षं लागली होती.

परत आल्यावर पहिले दोन दिवस जेल रोडला गेलोच नाही. दुकान उघडलं, टोनर संपला होता, तो भरला. सावकारचा मेसेज आला होता, वहीच्या पानाचा फोटो. ‘सोफा, सहा रात्री’ असं लिहून पुढच्या रकान्यात मोठ्ठा भोपळा काढला होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी निघालो.

काकांनी आधी पासपोर्टच मागितला. पानं उलटली, व्हिसाच्या स्टिकरवर नख फिरवून बघितलं. मग शिक्के शोधले. गोल चांदण्यांमध्ये देशाची अक्षरं, तारीख, विमानाचं बारकं चित्र.

“चार देश फिरलास ना? शिक्के दोनच?”

मी सांगितलं, आत शिरताना एक मारला आणि बाहेर पडताना एक. मधे मला कोणी विचारलं नाही. हद्द आली हे फोनवर मेसेज आला तरच कळतं.

“हा पुसट उठलाय,” आम्स्टरडॅमच्या शिक्क्याकडे बघत म्हणाले. “शाई कमी आहे पॅडात.”

मी तेव्हाच सांगून टाकलं. फार सजवलं नाही. मास्तरची कारणं मात्र त्याच्याच क्रमाने सांगितली, परीक्षा, सतरा मार्क, पोरीचं शिक्षण. काका ऐकत होते. पासपोर्ट त्यांच्या हातातच होता. मधेच त्यांनी तो मिटला आणि कडा टेबलावर ठोकून सरळ केल्या.

बराच वेळ पंख्याचा आवाज होता.

“जमा करायचा म्हणजे,” त्यांनी विचारलं, “ते ठेवून घेतात, की परत देतात?”

“परत देतात. रद्दचा शिक्का मारून.”

“मग त्याला म्हणावं, मला पाठव,” काका म्हणाले. “पोस्टाने पाठवू नको म्हणावं. कोणी येणारं असेल त्याच्याबरोबर दे.”

आणि माझा पासपोर्ट माझ्या हातात देऊन चहा टाकायला उठले.